दिवा लागला म्हणजे काय कळलं?

शंकेखोर : इंजिनियरसाहेब, टायरची हवा कमी झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह उभं केल्यासारखा. गाडी विकणारा तो सुरक्षिततेच्या यादीत एअरबॅगच्या खालोखाल वाचून दाखवतो. माझ्या गाड्या वर्षभर वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे घेऊन फिरतात. माझा अनुभव असा, की हा दिवा लागायला पाहिजे तेव्हा लागत नाही आणि नको तेव्हा लागतो. डिसेंबरात पहाटे ड्रायव्हर पाहुणे आणायला चिकलठाणा विमानतळावर निघतो, तेव्हा दिवा लागलेला. गाडी थोडी पळाली, ऊन वर आलं, की आपोआप विझतो. दोन-चार दिवस असं झालं की ड्रायव्हर ठरवून टाकतो, हा दिवा खोटारडा आहे. मे महिन्यात टायर फुटायची खरी भीती, तेव्हा हा गप्प. एका गाडीला हौसेने जालना रोडवरच्या दुकानातून अलॉय बसवले. तेव्हापासून गाडी सुरू केली की दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटूनच राहतो. ड्रायव्हरने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. मीही ती काढायला सांगितलं नाही. हिवाळ्यात खोटं बोलणारं, उन्हाळ्यात मुकं आणि चाकं बदलली की बिथरणारं यंत्र बाळगायचं कशाला?

उत्साही : तुमचे आरोप तीन, आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, शेठ. हिवाळ्याचं आधी घेऊ. तुमच्या ड्रायव्हरने हवा कधी भरली होती? मेमध्ये, भर दुपारी, पन्नास किलोमीटर गाडी पळवून पेट्रोल पंपावर थांबल्यावर. बाहेर ४१ अंश, टायरच्या आतली हवा ६० अंशांच्या घरात. त्या तापलेल्या टायरमध्ये त्याने ३३ पीएसआय भरून घेतले. आता हे ३३ म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा ३३ ने जास्त. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे, इथे बाहेरचा दाब साधारण पावणेचौदा. म्हणजे टायरच्या आत एकूण दाब पावणेसत्तेचाळीसच्या आसपास. डिसेंबरच्या पहाटे पारा १० वर येतो आणि रात्रभर उभ्या गाडीचा टायरही तितकाच गार होतो. तोच वायू, तेवढीच जागा, फक्त तापमान उतरलेलं. गणित केलं तर काटा ३३ वरून जवळजवळ २६ वर येतो. एक थेंबही हवा गळालेली नसताना! त्यात रबरातून दर महिन्याला आपसूक झिरपणारी हवा धरा. पहाटेचा तो दिवा खरं बोलत होता. तासाभराने विझला म्हणजे हवा वाढली असं नाही, असलेली हवा तापली एवढंच. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा गार टायरसाठी असतो, आणि आपल्याकडे गार टायरमध्ये हवा भरतो कोण? पंप घरापासून लांब, आणि टायरची आठवण येते ती प्रवास निम्मा झाल्यावर.

शंकेखोर : हे मान्य. पण मग माझे ड्रायव्हर उन्हाळ्यात जे करतात ते बरोबरच म्हणायचं. हवा तापून वाढणार म्हणून ते मेमध्ये आधीच कमी भरतात. तेहतीसऐवजी अठ्ठावीस. समृद्धी महामार्गाचा सिमेंटचा रस्ता तापलेला, वर १२० चा वेग. भरलेला टायर आणखी फुगून फुटू नये म्हणून आधीच जागा ठेवायची. पंपावरचा हवा भरणारा पोरगाही हेच सांगतो. नायट्रोजनवाला तर म्हणतो, साधी हवा फुगते, नायट्रोजन फुगत नाही.

उत्साही : इथेच माणसं मरतात, म्हणून इथे जरा थांबतो. चांगला टायर ३३ चे ४० झाले म्हणून फुटत नाही. तो फुटतो हवा कमी असल्यामुळे. हवा कमी असली की टायर जमिनीवर जास्त पसरतो. प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू, साइडवॉल म्हणतात ती, वाकते आणि सरळ होते. १२० च्या वेगाने चाक सेकंदाला सोळा-सतरा फेरे घेतं. तितक्या वेळा ते रबर आणि आतले धागे दुमडतात. दर दुमडीला उष्णता तयार होते, आणि ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही. रबर आणि धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. हे बाहेरून दिसत नाही. मग एका क्षणी टायरचा पट्टाच उडतो. रस्त्याच्या कडेला काळ्या सालपटांसारखे तुकडे पडलेले दिसतात, ते बहुतेक असे सुटलेले पट्टे असतात. उन्हाने तापलेलं सिमेंट या उष्णतेत भर घालतं, पण मूळ उष्णता टायर स्वतःच तयार करतो, आणि ती करायला त्याला भाग पाडतो तो हवा कमी ठेवणारा माणूस. सहा माणसं, डिकीत बॅगा, टायरात अठ्ठावीस पीएसआय आणि सरळ सुना रस्ता. तुमचा ड्रायव्हर फुटण्याची भीती वाटते म्हणून नेमकं फुटण्याचंच सामान भरतो आहे. राहिला नायट्रोजन. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. शुद्ध नायट्रोजनही तापला की तेवढाच फुगतो. त्यात बाष्प नसतं, हा फायदा खरा आहे, पण लहान.

शंकेखोर : म्हणजे मे महिन्यात दिवा गप्प बसतो त्याचं काय झालं? अठ्ठावीस पीएसआय भरून पाच-सहा माणसं घेऊन गाडी समृद्धीवर चढली, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे हीच सर्वांत धोक्याची अवस्था. तरी दिवा लागला नाही. उलट टायर तापून आकडा पस्तीसवर गेला की यंत्र म्हणणार, सगळं झकास आहे.

उत्साही : हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेचा नियम सांगतो, की ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर वीस मिनिटांच्या आत इशारा मिळाला पाहिजे. युरोपात ती मर्यादा २० टक्क्यांच्या आसपास आहे. ३३ चे २५ टक्के गेले की पावणेपंचवीस उरतात. म्हणजे अठ्ठावीसवर अमेरिकेची गाडी गप्प राहील, युरोपचीही राहील. मर्यादा इतकी सैल ठेवण्याचं कारण तुम्हीच मघाशी सांगितलंत. ती आवळली तर थंडीत दर पहाटे दिवा लागेल आणि तुमचा ड्रायव्हर चिकटपट्टी लावेल. पण नियम आला कसा ते ऐका, मग तो टाकाऊ वाटणार नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने पासष्ट लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या एक्स्प्लोरर गाडीवर होते. पट्टे सुटून गाड्या उलटत होत्या. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने या प्रकरणातले २७१ मृत्यू मोजले. त्याच वर्षी संसदेने कायदा केला, आणि २००७ च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा झाला. पुढे त्याच खात्याने रस्त्यावरच्या गाड्या तपासल्या आणि २०१२ मध्ये अहवाल दिला. हे यंत्र असलेल्या गाड्यांमध्ये टायर फार बसलेला सापडण्याची शक्यता ५५ टक्क्यांहून अधिक कमी होती. दिव्याने एवढं तरी साधलं.

शंकेखोर : फायरस्टोनची गोष्ट मीही वाचली आहे, आणि तुम्ही त्यातला एक आकडा सोडलात. एक्स्प्लोररला हवा किती भरा म्हणून फोर्डने सांगितलं होतं? सव्वीस पीएसआय. गाडी उंच, उलटायची भीती, म्हणून टायर मऊ ठेवा असा हिशेब. टायरवाले नंतर म्हणाले, तीस भरायला हवेत. आता विचार करा, त्या गाडीत तुमचा दिवा असता तर? त्याने सव्वीसलाच बरोबर मानलं असतं, आणि त्याच्याही खाली २५ टक्के उतरेपर्यंत, म्हणजे साडेएकोणीसपर्यंत, चूप बसला असता. त्यातल्या कित्येक गाड्या कारखान्याने सांगितलेल्या आकड्यावरच उभ्या असतील. यंत्राला बरोबर आणि चूक कळत नाही. कोणीतरी सांगितलेल्या आकड्यापासून किती ढळलो, एवढंच त्याला कळतं. आकडा सांगणारा चुकला तर ती चूक ते इमानदारीने राखतं.

उत्साही : हे मी नाकारत नाही. उलट तुमच्या अलॉयच्या गोष्टीतही हाच मुद्दा दडला आहे, म्हणून ती आता घेऊ. हे काम करणारी यंत्रं दोन जातींची. एकात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, अंगठ्याएवढा सेन्सर असतो. दाब मोजायचा, तापमान मोजायचं आणि आपला क्रमांक जोडून रेडिओने गाडीला कळवायचं, हे त्याचं काम. आपल्याकडे आणि युरोपात तो ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो, अमेरिकेत बहुधा ३१५ वर. आत लिथियमची बॅटरी, ती साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. संपली की बदलता येत नाही, सबंध सेन्सर टाकायचा. चाक फिरायला लागलं की तो जागा होतो, गाडी उभी राहिली की झोपतो, म्हणून बॅटरी इतकी पुरते. आता यातली गंमत अशी, की हा सेन्सर गाडीचा नसतो, चाकाचा असतो. गाडीकडे फक्त चार क्रमांकांची यादी असते. तुम्ही जुनी चाकं काढून अलॉय बसवलेत तेव्हा चारही सेन्सर जुन्या चाकांबरोबर गोदामात गेले. गाडी अजून त्यांनाच हाका मारते. उत्तर येत नाही म्हणून दिवा आधी लुकलुकतो, म्हणजे सांगतो की यंत्रणाच बिघडली आहे, आणि मग पेटून राहतो. नुसता पेटला तर हवा कमी, लुकलुकून पेटला तर सेन्सर हरवला. हा फरक तुमच्या ड्रायव्हरला कोणी सांगितलाच नाही.

शंकेखोर : मलाही कोणी सांगितला नाही. दुकानदाराने सेन्सर काढून नव्या चाकात घालायला हवे होते तर मग. त्याला तरी ते ठाऊक असेल का? आपल्याकडे पंक्चरवाला टायर रिमवरून उतरवतो तो लोखंडी पट्टीने, टायर-लिव्हरने. त्याला काय ठाऊक, आत व्हॉल्व्हपाशी काही हजारांचं नाजूक सामान बसलंय. एकदा खटकन मोडलं की आपल्याच खिशाला चाट.

उत्साही : जिथे बर्फ पडतो तिथे ही अडचण दर वर्षी येते, आणि म्हणून तिथले लोक ती जाणतात. माझी भाची म्युनिकजवळ राहते. तिकडे गाडीला चाकांचे दोन संच, उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी चाकं, असा लोकांचा ठोकताळा. २०१० पासून कायदाही आहे, की बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायरांशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक होतं, हिवाळी रबर मऊ राहतं. नुसते टायर दर वेळी उतरवण्यापेक्षा रिमसकट दुसरा संच ठेवणं सोयीचं, म्हणून बरेच जण तसं करतात. मग प्रश्न येतो, दुसऱ्या संचात सेन्सर घालायचे का? घातले तर चार सेन्सरांचा खर्च, आणि गाडीला नवे क्रमांक शिकवायचे. काही गाड्या थोडं अंतर पळाल्या की आपणहून शिकतात. काहींसाठी गॅरेजमधलं हातातलं यंत्र चाकाजवळ धरून एकेका सेन्सरला जागं करावं लागतं. काही दुकानं जुन्या सेन्सरचा क्रमांक नव्यावर उतरवून देतात, म्हणजे गाडीला वाटतं चाकं बदललीच नाहीत. कॅनडातल्या आपल्या मंडळींचंही हेच. क्वेबेक प्रांतात तर डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिकडेही कित्येक जण सेन्सर न घालता हिवाळा काढतात, आणि तो दिवा वसंतापर्यंत पेटलेला असतो.

शंकेखोर : म्हणजे शिस्तीच्या देशातही लोक पेटलेल्या दिव्यासमोर महिनोन्‌महिने बसतात. तेही नेमके थंडीत, जेव्हा हवा सर्वांत जास्त उतरते! मग माझ्या ड्रायव्हरच्या चिकटपट्टीला नावं कशाला ठेवायची?

उत्साही : ठेवत नाही. पण दुसऱ्या जातीच्या यंत्राला ही अडचणच नाही. त्यात चाकाच्या आत काहीच नसतं. ब्रेकसाठी, एबीएससाठी, प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत असतातच. एका टायरची हवा कमी झाली की त्याची त्रिज्या किंचित घटते, आणि तेवढंच अंतर कापायला ते चाक इतरांपेक्षा किंचित जास्त फिरतं. फरक टक्क्याच्या अंशातला, पण संगणकाला पुरतो. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत हीच पद्धत असते, आणि या गटाचा स्कोडाचा कारखाना २००१ पासून आपल्या शेंद्र्यात आहे. अशा गाडीला अलॉय लावा, हिवाळी चाकं लावा, टायर पुढचे मागे करा. हवा नीट भरायची आणि सेटचं बटण दाबायचं, म्हणजे गाडी सध्याची स्थिती बरोबर म्हणून लक्षात ठेवते. सेन्सर नाही, बॅटरी नाही, लिव्हरने मोडायला काही नाही.

शंकेखोर : थांबा. हवा नीट भरायची आणि मग बटण दाबायचं, असं म्हणालात. दिवा लागला म्हणून ड्रायव्हरने हवा न भरता नुसतंच बटण दाबलं तर?

उत्साही : तर दिवा विझेल.

शंकेखोर : आणि गाडी?

उत्साही : ती बसलेल्या टायरलाच बरोबर मानून पुढे चालेल. त्याच्याही खाली आणखी उतरला तर मग सांगेल.

शंकेखोर : बघा! माझी चिकटपट्टी निदान दिसते तरी. हे बटण म्हणजे न दिसणारी चिकटपट्टी झाली. आणि दुसरं. तुम्ही म्हणता एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरलं की कळतं. पण थंडी काय एकाच चाकाला वाजते? चारही टायर एकदमच उतरले तर तुलना करायची कोणाशी?

उत्साही : नेमका हाच प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता. नियमाच्या पहिल्या रूपात कंपन्यांना दोन पर्याय होते. एकात चारही टायरांवर लक्ष ठेवायचं, दुसऱ्यात एकच टायर उतरला तर सांगितलं तरी चालेल. ग्राहक संघटनेने खटला भरला, आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने दुसरा पर्याय कायद्याविरुद्ध ठरवून तो नियमच रद्द केला आणि नवा करायला सांगितलं. कारण तेच, चारही टायर सारखेच उतरले तर तुलना करणारं यंत्र आंधळं होतं. नंतरची यंत्रं सुधारली. आता ती चाकाची थरथरही ऐकतात. टायर हा हवेवर ताणलेला असतो, त्याचा ठरावीक कंप असतो, आणि हवा कमी झाली की तो बदलतो. त्यावरून चारही उतरले तरी अंदाज बांधता येतो. पण अंदाजच. आत बसलेल्या सेन्सरसारखा आकडा ते दाखवत नाही. आणि बटणाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. हिवाळी टायरला तर बरोबर आकडाही वेगळा असतो, थंडीत उतरणार म्हणून तिथे दोन-तीन पीएसआय जास्त भरण्याचा सल्ला देतात. चाक बदललं की कोणीतरी माणसाने गाडीला सांगावं लागतं, की आता बरोबर म्हणजे काय. दोन्ही जातींत. एकात क्रमांक शिकवून, दुसऱ्यात बटण दाबून. तेवढ्या क्षणापुरती जबाबदारी यंत्राकडून माणसाकडे परत येते, आणि मला वाटतं हे यंत्र विकणारे तेवढंच सांगत नाहीत.

शंकेखोर : आता समृद्धीकडे या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा तुकडा, एकूण ७०१ किलोमीटर. सावंगीला चढलं की नागपूरपर्यंत रस्ता मोकळा, कार १२० ने. सुरुवातीच्या महिन्यांत अपघात इतके झाले की परिवहन खात्याने प्रवेशनाक्यांवर टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. माझ्या मते त्या एका तपासणीने जे केलं ते तुमचा दिवा दहा वर्षांत करणार नाही. दिव्याला हवा कळते, टायर कळत नाही. त्याची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली घासली आहे, बाजूला फुगा आला आहे, साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे सांगतात की तो सात वर्षांपूर्वीचा आहे, रबर उन्हाने तडकलं आहे. यातलं काही दिव्याला दिसतं का? मेलेल्या टायरमध्ये ३३ पीएसआय भरा, दिवा खुश!

उत्साही : नाही दिसत. तिथे तुमचे डोळे आणि आरटीओच हवेत. पण समृद्धीवरचंच एक उदाहरण मी तुमच्यापुढे ठेवतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस जळाली, २५ माणसं गेली. चालक म्हणाला, टायर फुटला. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही असं आलं, ना रस्त्यावर रबराचे तुकडे, ना तशा खुणा. आपल्याकडे ‘टायर फुटला’ हे प्रत्येक अपघाताचं तयार उत्तर झालं आहे. ते चालकाच्या सोयीचं असतं, मालकाच्याही. कारण टायर फुटणं म्हणजे दैव, आणि दैवावर गुन्हा दाखल होत नाही. चाकाच्या आत दाब मोजणारा, मिनिटामिनिटाला कळवणारा सेन्सर असेल आणि त्याची नोंद राहत असेल, तर हे उत्तर तपासता येईल. दिवा ड्रायव्हरने पाहावा म्हणून असतो, पण आकड्याला साक्षीदारही करता येतं.

शंकेखोर : करता येतं, पण कोणाच्या गाडीत? आपल्याकडे २०२० च्या जुलैत केंद्राने जो नियम काढला तो साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांसाठी. बस त्यात नाही, ट्रक नाही. वाळूज-शेंद्र्यातून माल भरून निघणारा, रिट्रेड केलेल्या टायरांवर दुप्पट वजन ओढणारा ट्रक नाही. युरोपाने २०२४ पासून नव्या ट्रक-बसलाही ही यंत्रणा सक्तीची केली. आपण उलट्या टोकाने सुरुवात केली. ज्याच्या गाडीत आधीच सहा एअरबॅग आहेत त्याच्या डॅशबोर्डवर दिवा, आणि ज्याच्या मागे आपण १२० ने धावतो त्या ट्रकला काहीच नाही. त्याचा टायर फुटला तर त्याचा तुकडा माझ्या काचेवर येणार.

उत्साही : यावर मला उत्तर नाही. ट्रकचे टायर कारच्या टायरपेक्षा महाग, जास्त भाराखाली, आणि फुटले तर जास्त घातक. पहिल्यांदा तिथेच यायला हवी होती ही यंत्रणा.

शंकेखोर : आणि त्याच नियमात दुसरी गोष्ट आहे, तिचा मला खरा राग आहे. गाडीला ट्यूबलेस टायर, हा दिवा आणि पंक्चर दुरुस्तीची पेटी दिली असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालेल, असं त्यात म्हटलंय. म्हणजे दिवा आणून स्टेपनी काढून घेतली. आता मेहकर-कारंज्याच्या पट्ट्यात रात्री टायर कापला गेला, खिळा नाही, बाजूच फाटली, तर ती पेटी काय करणार? त्यातला चिकट द्रव नक्षीतल्या बारीक भोकापुरता असतो, साइडवॉलला नाही. आणि तुम्हीच सांगा, तो द्रव आत ओतला की तुमच्या सेन्सरच्या बारीक छिद्रात जाऊन बसू शकतो की नाही?

उत्साही : काही द्रव बसतात. सेन्सरला चालणारे द्रवही मिळतात, पण पेटीत कोणता आहे हे बघतो कोण! स्टेपनी नसण्यामागचा हिशेब मात्र नुसता कंजूषपणाचा नाही. स्टेपनीचं वजन वीसेक किलो, ती डिकीतली जागा खाते, बॅटरीवरच्या गाडीत बॅटरीला जागा लागते. शिवाय पंक्चर हळूहळू होतं, आणि दिव्याने अर्ध्या तासापूर्वी सांगितलं तर टायर पूर्ण बसण्याआधी नाक्यापर्यंत पोचता येतं. बऱ्याच पंक्चरांना हे लागू आहे. तुमच्या फाटलेल्या साइडवॉलला नाही, हेही तितकंच खरं. नियम करणाऱ्यांनी सरासरी पाहिली. रात्री रस्त्यावर उभा राहतो तो मात्र एकटा माणूस असतो.

शंकेखोर : म्हणजे शेवटी दिवा मला धोक्याची बातमी देतो. चाक देत नाही. बातमीच्या बदल्यात चाक हा सौदा मला मान्य नाही. आणि ती बातमीसुद्धा कुणाकुणाला ऐकू जाते? तुमचा सेन्सर आपला क्रमांक उघड्या हवेत ओरडून सांगतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये चाळीस मीटरवरून तो ऐकून दाखवला होता, त्याला कुलूपकिल्ली काही नव्हती. चाकावरून गाडी ओळखता येते, हे विकणाऱ्याने कधी सांगितलं?

उत्साही : नाही सांगितलं, आणि सांगायला हवं. पण मला तुम्हीच एक सांगा. दिवा नव्हता तेव्हा तुमचे ड्रायव्हर दर पंधरवड्याला हवा मोजत होते का? टायरला लाथ मारून बघत होते. रेडियल टायर सव्वीसवर असला आणि तेहतीसवर असला, तरी डोळ्याला सारखाच दिसतो, लाथेलाही सारखाच लागतो. दिव्याने त्यांची सवय बिघडवली म्हणता, पण बिघडायला सवय होती कुठे? आपण दिव्याची तुलना नियमाने हवा मोजणाऱ्या माणसाशी करतो आहोत, आणि तो माणूस मला तरी पंपावर क्वचितच भेटतो.

शंकेखोर : हे मात्र लागलं. माझ्याकडेही तो नाही. पण तुमची बाजूही पुरती होत नाही. दिवा आल्यावर मोजणं माझं काम राहिलं नाही असं ज्याला वाटतं, त्याला दिव्याने पावणेपंचवीसपर्यंत मोकळं सोडलं. हवा न मोजणारा ड्रायव्हर घाबरत तरी असे, ज्याचा दिवा लागत नाही तो ड्रायव्हर घाबरतही नाही. यांतलं जास्त वाईट कोणतं, मला ठरवता येत नाही.

उत्साही : मलाही नाही. माझा कल दिव्याकडे आहे, कारण त्या ५५ टक्क्यांत काही जीव आहेत. पण तो पुण्याईचा आकडा माझ्या गाडीला आपोआप लागू होतो, असं मी यापुढे म्हणणार नाही.

शंकेखोर : मग माझं ठरलं. त्या अलॉयमध्ये जुने सेन्सर बसवून घेतो आणि पट्टी काढतो. सेटचं बटण असलेल्या गाडीत ते बटण मालकाशिवाय कोणी दाबायचं नाही, आणि सकाळी गार टायर मोजल्याशिवाय तर मुळीच नाही. पण स्टेपनी नसलेली गाडी मी घेणार नाही, दिवा कितीही हुशार असला तरी.

उत्साही : घेऊ नका. फक्त त्या स्टेपनीचीही हवा महिन्यातून एकदा मोजा, कारण बहुतेक गाड्यांत पाचव्या चाकाला सेन्सर नसतो.